श्रीखंडाचा डबा आणि करिझ्माचं फायबर

गाडी पडली तेव्हा मी गाडीवर नव्हतो. घाटात घसरून पडलो असतो तर चारचौघांत सांगायला तरी बरं वाटलं असतं. २०२२च्या जूनमध्ये गुहागरजवळ काकांकडे गेलो होतो. संध्याकाळी अंगणाच्या कडेला, चिऱ्याच्या गडग्याला लागून गाडी साइड स्टँडवर लावली आणि जेवून झोपलो. रात्रभर पाऊस कोसळला. तांबडी माती लोण्यासारखी मऊ झाली, स्टँडचा पाय आत गेला आणि दीडशे किलोची गाडी डाव्या कुशीवर गडग्यावर आडवी झाली. पहाटे धप्प आवाज झाला. काकांना वाटलं फणस पडला.

गाडी म्हणजे २००७ची हिरो होंडा करिझ्मा, पिवळी. लेगगार्ड मी चार वर्षांपूर्वीच काढून टाकला होता, गाडी त्याच्याशिवाय देखणी दिसते म्हणून. त्या देखणेपणाची किंमत आता गडग्याजवळ उभं राहून मोजत होतो. समोरच्या फेअरिंगला, म्हणजे पुढच्या प्लॅस्टिकच्या आवरणाला (आमचे मेकॅनिक त्याला सरसकट व्हायझर म्हणतात) खालच्या बोल्टच्या भोकापासून वर वीतभर चीर गेली होती आणि मध्येच तिला एक फाटा फुटला होता. डाव्या साइड पॅनलचे दोन कान, म्हणजे ते बसवायच्या खुंट्या, तुटून रबरी बुशातच राहिले होते. आणि मागचा काळा मडगार्ड, ज्याच्यावर नंबरप्लेट आणि इंडिकेटर बसतात, तो उभा चिरला होता. इंडिकेटर वायरला लोंबकळत होता, दुधाचा दात लोंबकळतो तसा.

काका म्हणाले, "अरे, फायबर तर आहे, चिकटव की." (गाडीचं प्लॅस्टिक म्हणजे आपल्याकडे फायबरच.) बाजारातून झटपट गोंदाच्या दोन ट्यूब आणल्या. दहा मिनिटांत सगळं दगडासारखं घट्ट. कुंभार्ली चढून हेळवाकला चहाला थांबलो तेव्हा तिन्ही चिरा पुन्हा उघड्या होत्या आणि साइड पॅनल मी सुतळीने बांधलं. हा गोंद वाळला की काचेसारखा कडक होतो. गाडीचं प्लॅस्टिक सतत थरथरतं, वाकतं, सरळ होतं, आणि कडक वस्तूला ते झेपत नाही. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तेव्हा मी फक्त गोंदाला शिव्या दिल्या.

पुण्यात आल्यावर पहिला विचार नवीन भाग घ्यायचा होता. पण हिरो आणि होंडा वेगळे व्हायचं ठरलं २०१०च्या डिसेंबरात आणि माझी गाडी त्याच्याही आधीची. शोरूममध्ये पार्ट नंबर घालून पाहिलं आणि मान हलवली. नाना पेठेत फिरलो. तिथे व्हायझर मिळत होता, पण कंपनीचा नव्हे. हातात घेतला तर कागदासारखा हलका आणि भोकं बोटभर इकडेतिकडे. दुकानदार म्हणाला, "भोकं तुम्ही मोठी करून घ्या." पंधरा वर्षं सांभाळलेल्या गाडीला मी असा उसना जबडा लावणार नव्हतो.

पंधरा वर्षं हा आकडाही महत्त्वाचा होता. सप्टेंबरात गाडीचं आरसी संपत होतं. पुढच्या पाच वर्षांसाठी ते वाढवायचं तर गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. दुचाकीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२पासून ३०० वरून १००० रुपये झाली होती. सुतळीने बांधलेली गाडी घेऊन तिथे उभं राहायची माझी तयारी नव्हती. म्हणजे हाताशी अडीच महिने होते, आणि ते सगळे पावसाचे.

एका रविवारी सगळं उघडलं. दहा नंबरचे बोल्ट, स्टार स्क्रू, क्लिपा. कुठला स्क्रू कुठला हे नंतर कळत नाही, म्हणून इडलीपात्रातली एक ताटली घेतली. एका खळग्यात व्हायझरचे, दुसऱ्यात पॅनलचे, तिसऱ्यात मडगार्डचे. बायकोने पाहिलं आणि काही बोलली नाही. बोलायची वेळ पुढे येणार होती.

व्हायझर धुताना त्याच्या मागच्या बाजूला पहिल्यांदा नीट पाहिलं. तिथे दोन कोनांच्या मध्ये, साच्यातूनच उठलेली बारीक अक्षरं होती: एबीएस. ब्रेकचं नव्हे, हे प्लॅस्टिकच्या जातीचं नाव. साइड पॅनलच्या मागेही तेच. पंधरा वर्षं मी गाडी पुसत होतो, पण पाठ कधी पाहिली नव्हती. मडगार्डवरही काहीतरी लिहिलेलं असावं, पण चिखलाच्या पुटाने आणि दगडांच्या माराने ते घासून गेलं होतं. मी गृहीत धरलं, एकाच गाडीचं प्लॅस्टिक, तेही तेच असणार. पुढचा एक आठवडा या गृहीतकामुळे वाया गेला.

एबीएसची गंमत अशी की ते ॲसिटोनमध्ये विरघळतं. त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे तुकडे ॲसिटोनमध्ये टाकून ठेवले की एका रात्रीत त्याचा लगदा होतो. तो चिरेत भरायचा. ॲसिटोन दोन्ही कडा जरा विरघळवतो, उडून जातो आणि मागे एकसंध प्लॅस्टिक राहतं. गोंद दोन कडांच्या मध्ये तिसरा म्हणून बसतो. इथे तिसरा कोणी उरतच नाही.

लगद्यासाठी प्लॅस्टिक जुन्या बाजारात मिळालं. बुधवारी अर्धी रजा टाकून गेलो. कुठल्यातरी मोटारसायकलचं काळं, तुटकं टेल पॅनल पन्नास रुपयांना घेतलं. घेताना उलटं करून अक्षरं वाचली, तेव्हा विक्रेता माझ्याकडे संशयाने बघत होता. त्याला वाटलं मी चोरीचा माल ओळखतोय. ॲसिटोन रविवार पेठेतून आणलं. घरातलं नेलपॉलिश रिमूव्हर आधी पाहिलं होतं, पण त्याच्यावर 'ॲसिटोनविरहित' असं अभिमानाने छापलेलं होतं. सोल्डरिंग आयर्न तपकीर गल्लीतून घेतलं, तापमान कमीजास्त करता येणारं. साधं पंचवीस वॅटचं स्वस्त पडतं, पण त्याचं टोक एबीएसला फार तापतं. प्लॅस्टिक वितळायच्या ऐवजी जळतं, बुडबुडे येतात आणि पिवळट होऊन ठिसूळ पडतं.

टेल पॅनलचा रंग काचपेपरने पूर्ण घासला, नाहीतर तोही लगद्यात उतरतो. मग कापून नखाएवढे तुकडे केले आणि जॅमच्या काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये बुडवले. सकाळी बाटलीत काळी काकवी तयार होती. चमच्यावरून धार पडावी इतकी घट्ट हवी. पातळ असेल तर आणखी तुकडे, घट्ट असेल तर आणखी ॲसिटोन. बाटली काचेचीच हवी. थर्माकोलचा ग्लास तर डोळ्यांदेखत विरघळतो.

हे सगळं मी गॅलरीत करत होतो, कारण ॲसिटोनची वाफ पेट घेते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते. आमचं देवघर गॅलरीच्या दाराशीच आहे. पहिल्या दिवशी संध्याकाळी आई दिवा लावायला आली आणि मी अक्षरशः ओरडलो. दिव्यावर फुंकर घालायची नाही असं ज्या बाईने मला आयुष्यभर शिकवलं तिच्यावर. त्यानंतर बाटली उघडायची वेळ दुपारची ठरली.

चीर जोडण्याआधी ती थांबवावी लागते. चीर जिथे संपलेली दिसते तिथे ती संपलेली नसते. व्हायझरच्या मागून बॅटरी धरली आणि हलकेच वाकवलं, तेव्हा डोळ्यांना दिसत होती त्याच्या बोटभर पुढे केसासारखी रेघ चमकली. तिच्या अगदी टोकावर तीन मिलिमीटरचं भोक पाडलं. अणकुचीदार टोकावर सगळा ताण एकवटतो आणि चीर पुढे सरकते, गोल भोकावर तो विभागला जातो. चांगल्या पिवळ्या रंगात स्वतःच्या हाताने ड्रिल घालताना जीव वर आला. फाट्याच्या टोकावर दुसरं भोक. तिथे मी आळस केला आणि दिसत होतं तिथेच पाडलं. त्याचं पुढे सांगतो.

दुसरी अडचण अशी की कडा जुळेनात. पडताना प्लॅस्टिक ताणलं गेलं होतं, वाकलेल्या जागी पांढरी रेघ उठली होती. जबरदस्तीने जुळवून चिकटवलं असतं तर तो ताण सांध्यातच कोंडून राहिला असता. पातेल्यात पाणी उकळलं आणि चिंधीने त्या भागावर ओतत राहिलो. एबीएस शंभर अंशांच्या आसपास मऊ होतं. चार-पाच वेळा ओतल्यावर ते हाताखाली नरम आलं, बोटांनी मूळ वळणावर आणलं आणि गार पाण्याखाली धरलं. कडांचे दात एकमेकांत बसले. बाहेरून मास्किंग टेप ओढून लावली.

आता आतल्या बाजूने काम. आधी तो झटपट गोंद काढला. ॲसिटोनचा बोळा ठेवून ठेवून तो मऊ पडला आणि कटरच्या पात्याने खरवडून निघाला. त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. लावायला दहा मिनिटं लागली होती. मग चिरेच्या लांबीभर इंग्रजी व्हीसारखी खाच केली, निम्म्या जाडीपर्यंत. आयर्नच्या टोकाने दोन्ही कडा जागोजागी टाचल्या. आणि मग मजबुतीसाठी जाळी.

स्टीलची बारीक जाळी कुठे मिळेल याचा मी बोहरी आळीत शोध घेतला. मिळत होती, पण मीटरने. मला लागत होती चार बोटं. घरी चहाची गाळणी होती. तिच्या पट्ट्या कापल्या, चिरेला आडव्या ठेवल्या आणि आयर्नने दाबून प्लॅस्टिकमध्ये बुडवल्या, जाळीच्या भोकांतून प्लॅस्टिक वर येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको बोलली. "गाळणी कुठंय?" या दोन शब्दांनंतर जे झालं ते इथे लिहीत नाही. आता घरात नवीन, जास्त महागाची गाळणी आहे आणि ती माझ्या हाताला लागत नाही अशा जागी असते.

या वेळी मी कोविडमध्ये उरलेला एन-९५ मास्क लावून बसलो होतो आणि स्वतःला फार सावध समजत होतो. दोन तासांनी डोकं जड झालं. तो मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. एबीएस तापलं की त्यातून स्टायरीनसारखे वायू सुटतात. त्यांच्यासाठी कोळशाच्या गाळण्याचा मास्क लागतो. दुसऱ्या दिवसापासून मी टेबलफॅन माझ्या बाजूने गॅलरीबाहेर तोंड करून लावला आणि वीस-वीस मिनिटांनी उठत राहिलो.

लगदा भरताना घाई नडली. पहिला थर जाड ओतला. वरून तासाभरात वाळला, साय धरली. दोन दिवसांनी टोचून पाहिलं तर आत मऊच. वरची साय आतल्या ॲसिटोनला बाहेर पडू देत नाही. सगळं खरवडून पुन्हा सुरुवात. पातळ थर, मध्ये चार-पाच तास, मग पुढचा. आणि पाऊस! झिम्माड दिवशी लावलेला थर वाळताना पांढरा, धुरकट पडला. ॲसिटोन इतकं झपाट्याने उडतं की पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर धरतं तसं. असा थर कमकुवत. तोही घासून काढला. मग मी उघडीप बघून काम करायला लागलो. जुलैत पुण्यात उघडीप म्हणजे आठवड्यातून एखादी दुपार. वीतभर चिरेला तीन आठवडे लागले ते असे.

साइड पॅनलचे कान ओतून करण्याचा बेत होता, पण जुन्या बाजारातल्या टेल पॅनललाच तसे दोन कान दिसले. ते बुडासकट कापले आणि रोपण केलं. आत मणक्यासारखा बारीक स्टीलचा स्क्रू, भोवती लगद्याचे थर. मूळ जागेच्या मापात बसवण्यासाठी रबरी बुश चौकटीतच ठेवून पॅनल लावूनच वाळवलं. हा या सगळ्या उद्योगातला माझा एकमेव भाग, ज्याच्याबद्दल मी मुद्दाम कोणी न विचारता बोलतो.

आता मडगार्ड. त्याच्या चिरेतही तोच लगदा, तितक्याच निगुतीने भरला. आठ दिवस. नवव्या दिवशी नखाने कड उचलली तर पूर्ण पट्टी, तापवून गार केलेल्या दुधावरच्या सायीसारखी, सोलून हातात आली. खाली प्लॅस्टिक जसंच्या तसं, गुळगुळीत. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मडगार्डचा एक कपचा आणि व्हायझरचा एक कपचा बादलीत टाकला. व्हायझरचा बुडाला. मडगार्डचा मजेत तरंगत राहिला. पाण्यापेक्षा हलकं, ॲसिटोनला न जुमानणारं, स्पर्शाला मेणचट: पॉलिप्रॉपिलीन. रंग न दिलेले काळे भाग बहुधा त्याचेच असतात. दोन मिनिटांची परीक्षा मी दीड महिन्याने घेतली.

पॉलिप्रॉपिलीनला जवळजवळ कुठलाच साधा गोंद धरत नाही. त्याला त्याच्याच जातीचं प्लॅस्टिक वितळवूनच जोडावं लागतं. त्याच्या सळया मिळतात, पण मागवून यायला वेळ. मी स्वयंपाकघरातले डबे उलटे करून बघायला लागलो. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याच्या बुडाशी त्रिकोणात ५ चा आकडा होता. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. या वेळी आधी विचारलं. बायको म्हणाली, "घे. तो तसाही टाकायचाच होता." डब्याच्या पट्ट्या कापल्या, मडगार्डमध्ये खाच केली आणि पट्टीचं टोक आणि खाचेच्या कडा एकाच वेळी वितळवत एकमेकांत कालवत गेलो. एबीएसपेक्षा हे अवघड. नीट कालवलं नाही तर वरून जुळलेलं दिसतं आणि आत सुटंच असतं. मी भरवसा न ठेवता चिरेच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडून तांब्याच्या तारेचे पाच टाकेही घातले. काळ्या मडगार्डवर पांढरी शिवण. ऑपरेशन झाल्यासारखी.

रंग मी स्वतः केला नाही. प्रायमरपर्यंत आलो: १२०चा काचपेपर, १८०, ३२०, मग पाण्यात ६००. वाटलं आरसा झालाय. पेंटरने डोळे मिटून व्हायझरवरून तळवा फिरवला आणि तीन ठिकाणी थांबला. "इथं खड्डा. इथं खड्डा. इथं डोंगर." मला काही दिसेना. त्याने प्रायमरवर काळ्या रंगाचा हलका शिडकावा केला आणि पेपर फिरवला. उंच जागा साफ झाल्या, खोल जागी काळं तसंच राहिलं. बरोबर तीन ठिकाणी. त्याने खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरली, पण अगदी पुसट. जाड भरली तर वाकताना तीच आधी तडकते, असं तो म्हणाला. मग त्याने विचारलं, गाडीला पॉलिशचा स्प्रे मारता का? मारत होतो. त्यातल्या सिलिकॉनने रंगाला डोळे, म्हणजे बारीक गोल खड्डे, पडतात. त्यामुळे त्याने सगळं पुन्हा धुतलं. पिवळा रंग मिळवताना त्याने कंपनीचा नंबर बघितलाच नाही. सीटखालचा, उन्हापासून वाचलेला भाग एकीकडे आणि टाकीचा विटलेला भाग दुसरीकडे ठेवून मधला कुठलातरी पिवळा काढला. सावलीत फरक कळत नाही. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मला कळतो. इतरांना दाखवावा लागतो, आणि मी तो दाखवतो.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी आरटीओत नेली. आदल्या रात्री व्हायझर मेणाने चमकवला होता. साहेबांनी चासी नंबर पाहिला, हॉर्न वाजवायला लावला, ब्रेक दाबून मागचा दिवा पाहिला. व्हायझरकडे त्यांची पाठच होती. मग मागे गेले, खाली वाकले, इंडिकेटर चालू करायला सांगितला आणि नंबरप्लेट दोन बोटांनी धरून हलवली. मी श्वास रोखून धरला. प्लेट हलली नाही. त्यांनी पांढऱ्या शिवणीवरून अंगठा फिरवला. "हे काय?" मी म्हणालो, "श्रीखंडाचा डबा आहे, साहेब." ते दोन क्षण माझ्याकडे बघत राहिले आणि कागदावर सही केली.

फाट्याच्या टोकाशी जिथे भोक पाडण्यात आळस केला होता, तिथे पुढच्या उन्हाळ्यात रंगाखालून केसभर रेघ उमटली. मुख्य चीर मात्र अजून बंद आहे. ती रेघ पुन्हा उघडून, या वेळी बॅटरी धरून खरं टोक शोधायचं, हे काम मी तीन उघडिपी पुढे ढकललंय. जॅमच्या बाटलीतला लगदा वाळून तिच्यात ब्रश उभाच्या उभा रुतून बसलाय.

दिवाळीनंतर गुहागरला गेलो, गाडीवरच. अंगणात शिरलो तर गडग्यापासून चांगलं चार हात दूर जमिनीत एक चपटा चिरा बसवलेला. काका पडवीतून ओरडले, "त्याच्यावर लाव. तुझ्या गाडीला पाट मांडलाय."